वरचा आकडा

आमचे हे गोदीत क्रेन चालवतात. साठ फूट उंचावरच्या काचेच्या खोलीत बसून जहाजांवरच्या लोखंडी पेट्या उचलायच्या आणि खाली मांडायच्या, हे काम. वरून माणसांची नुसती डोकी दिसतात, तोंडं दिसत नाहीत, म्हणून तिथे बरं वाटतं असं ते म्हणतात. खाली उतरले की मात्र कशाचाही घोर लावून घेतात.

गेल्या तपासणीत बीपीचा वरचा आकडा एकशे सत्तर निघाला. कंपनीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, तीन महिन्यांनी दीडशेच्या आत आला नाही तर क्रेन बंद, फाटकावर बसायचं. त्या दिवशी ह्यांना जेवण गेलं नाही.

लेकीने घरी मोजायचं मशीन आणून दिलं आणि तिथूनच घोळाला सुरुवात झाली. आकडा दिसला की ह्यांची छाती धडधडायची, आणि पुन्हा मोजावं तर तो आणखी वर. शेवटी घरात नियम झाला: ह्यांनी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून बसायचं, मशीन मी बघायचं आणि आकडा मी सांगायचा.

पहिले आठ दिवस खरं सांगितलं. मग एका सकाळी एकशे बासष्ट आला आणि माझ्या तोंडून एकशे अठ्ठेचाळीस निघालं. ठरवून नाही. ह्यांच्या मानेची ताणलेली शीर बघवली नाही, एवढंच. ह्यांनी लांब श्वास सोडला, खांदे खाली आले. चार मिनिटांनी पुन्हा मोजलं तर खरोखरच एकशे बावन्न. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, एवढी वर्षं पडदे शिवण्यात घालवली, डॉक्टरच व्हायला हवं होतं.

मग रोजच दहा-पंधरा कमी करून सांगू लागले. खरा आकडाही आज्ञाधारकपणे खाली येत राहिला. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस खरा एकशे चव्वेचाळीस होता. आणि मग, काही कारण नसताना, तो चढायला लागला. एकशे अठ्ठावन्न, एकशे सहासष्ट. माझं धाबं दणाणलं. हे घरात असले की मी शिवणाचं मशीन बंद ठेवू लागले, लेकीला सांगितलं की रडायचं असेल तर जिन्यात रड. आणि खोटं वाढवत नेलं. शेवटचा आठवडाभर रोज एकशे चौतीस सांगत होते.

तपासणीच्या दिवशी दवाखान्याबाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. हे इस्त्रीचा शर्ट घालून इतके खुशीत, जणू बक्षीस घ्यायला आलेत.

"अगं, एक गंमत सांगतो," हे म्हणाले. "घरी गेल्यावर सांगणार होतो. तीन आठवडे झाले, मी गोळ्या बंद केल्यात. रोज बेसिनमध्ये टाकतो. तू इतके छान आकडे सांगायचीस, म्हटलं बघू या, आपल्या जोरावर राहतोय का. राहिला की!"

सांगावं तर आकडा आत्ताच, दाराशीच चढणार. मूग गिळून बसावं तर हा माणूस बिनगोळ्यांचा राहणार. मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत.

शेवटी बोलले. "अहो, ते आकडे मी खोटे सांगत होते. आज सकाळी एकशे शहात्तर होता."

ह्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि हसले. "गोळ्या सोडल्या म्हणून घाबरवतेस होय? खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात. आत्ता बघ कसे झालेत."

कान भीतीने तापले होते. घरी ते लाल व्हायचे तेव्हा ह्यांचं तोंड भिंतीकडे असायचं. मी लेकीची शपथ घेतली, तर म्हणाले, शपथेवर आलीस म्हणजे नक्कीच थाप. एवढ्यात सिस्टरने हाक मारली. माझा दंड थोपटून हे आत गेले, दार लोटलं गेलं.

मशीनची घरघर बाहेर ऐकू येत होती. एकदा झाली. थोड्या वेळाने पुन्हा झाली. तिसऱ्यांदा झाली तेव्हा मी उठून उभी राहिले. करणार काय होते, कोण जाणे.

सिस्टरने दार उघडलं. तिचा चेहरा उतरला होता. "घरी यांचं बीपी कोण बघतं?" तिने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आतून ह्यांचा आवाज आला, अगदी निश्चिंत.

"हीच बघते. तुमचं मशीन बदला, सिस्टर. घरी रोज एकशे चौतीस येतो."