पारण्याची हादग्याची फुले

धाकटा भाऊ निवर्तताच दुबलगुंडीच्या रामाचार्यांनी त्याच्या पत्नीस, नलिनीबाईस, घरामागचा खडकाळ तुकडा दिला आणि समाईक विहिरीच्या दारास कुलूप घातले. कचेरीतले जमीन-विहिरीचे उर्दू कागद रामाचार्यांच्याच नावे होते. दाद मागण्यास जागा उरली नाही. बाई ओढ्यावरून पाणी आणू लागल्या.

त्या भूमीत त्यांनी हादगा लावला. भिजवलेले बी खोचावे, शेळ्या खाऊ नयेत म्हणून भोवती काटे रोवावेत, आरंभी ओंजळभर पाणी द्यावे. पुढे तो काही मागत नाही. समुद्र प्राशन करणाऱ्या अगस्ती महर्षींचे नाव धारण करणारा हा वृक्ष तृषा सोसणारच. पुढे एका अवर्षणाच्या वर्षीही कार्तिकात तो पांढऱ्या फुलांनी लवला. रामाचार्यांनी मात्र आपला हादगा, विहिरीत पाला पडतो म्हणून, तोडविला होता; गावातले बाकीचे हादगे त्या अवर्षणात गुरांच्या तोंडी गेले होते.

हादग्याच्या भाजीवाचून उत्थान द्वादशीचे पारणे करू नये, हा त्या घराण्याचा नेम. त्या वर्षी द्वादशी सूर्योदयानंतर थोडाच वेळ होती; एकादशीचा उपास तेवढ्यातच सोडायला हवा होता. उजाडताच थोरली जाऊ शारदाबाई दारी आली.

"नलिनी, ओंजळभर फुलं दे गं. हे खोळंबलेत."

"फुलं न्हाईत अक्का, भाजी केलीय. भावजींना म्हणावं, इथंच येऊन पारणं करा."

रामाचार्य पत्नीसह आले. पान वाढलेले होते. आतले कडू केसर काढून डाळीच्या पिठात परतलेली फुले वाफाळत होती. ते पाटावर बसले. तांब्या रिकामा होता, आणि पाण्याचे आपोशन घेतल्यावाचून पहिला घास घेता येत नसे.

"आपोशनाला पाणी?"

"ओढ्याचं स्वयंपाकात सरलं. तुमच्या विहिरीत हाय की."

"शारदा, घागर घे."

"अक्का कामून? कुलूप तुम्ही घातलंत, पाणीबी तुम्हीच आणा."

"तिथी निघून जायलीय, नलिनी."

"माझाबी उपास हाय, भावजी. मी बसते वाट बघत."

सोवळे सावरीत आचार्यांनी घागर उचलली. भरल्या घागरीसह ते परतले, तेव्हा शेजारची मंडळी अंगणात येऊन उभी होती. नलिनीबाईंनी घागर घेतली आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत, हादग्याच्या बुंध्याशी रिती केली.

"ही त्याची. आता तुमची आणा. दार उघडंच राहू द्या, किल्ली इथं ठेवून जा."

आचार्यांनी सूर्याकडे पाहिले. मग कडोसरीची किल्ली काढून पानाशेजारी ठेवली आणि रिकामी घागर उचलली.

नलिनीबाईंनी किल्ली पदराच्या टोकास बांधली, आणि माशा बसू नयेत म्हणून आचार्यांचे पान झाकून ठेवले.