वरच्या मजल्यावरचा फ्रीज

थोरला वेल्डर, धाकटा टेम्पो चालवायचा. घर एकच, वर थोरल्याचा संसार, खाली धाकट्याचा. मीटरही एकच, त्यामुळे बिल अर्धं-अर्धं. ते फुगत चाललं तसा धाकटा आतल्या आत धुमसत होता.

एका रविवारी तो विजेचं मापक घेऊन वर आला. "वहिनी, दिवसभर हे तुमच्या फ्रीजला लावून ठेवतो."

वहिनीने लावू दिलं. दाराचं रबर कधीच सैल झालेलं, फ्रीज क्षणभर थांबायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. वाटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.

संध्याकाळी धाकट्याने आकडा दाखवला. "दादा, माझ्या फ्रीजच्या चौपट वीज खातोय हा. नवा घे. चार वर्षांत वाचलेल्या विजेतच फिटेल."

"धडधाकट वस्तू भंगारात घालू?"

"मग बिल एकटा भर. इतकी वर्षं माझ्या खिशातून चोरतोयस."

थोरल्याचं डोकं फिरलं. त्याने भावाच्या कानफटात ठेवून दिली. धाकट्याने कोपऱ्यातल्या हत्यारांच्या पेटीतून हातोडा उचलला आणि फ्रीजच्या मागच्या जाळीवर घातला. नळी फुटली, फुस्स करून गॅस सुटला. तोवर थोरल्याच्या हातात मोठा पाना आला होता. तो त्याने भावाच्या तोंडावर हाणला. जबडा मोडल्याचा आवाज वहिनीने ऐकला.

धाकटा पडला नाही. रक्त थुंकत हातोडा उगारून धावला. वहिनी मध्ये शिरली आणि घाव तिच्या मनगटावर बसला. ती मटकन खाली बसली. तेव्हा कुठे दोघं थांबले.

"जिन्यावरून पडले," दवाखान्यात थोरल्याने सांगितलं.

"दोघंही?" डॉक्टरांनी विचारलं.

नवा फ्रीज आला. पुढचं बिल बरंच उतरलं. वहिनीने प्लास्टरच्या हातानेच ते नवऱ्यापुढे सरकवलं.

"बरोबर बोलत होता तो," थोरला पुटपुटला.

"मला काय सांगता? खाली जा."

तो बिल घेऊन गेला. धाकटा तारांनी बांधलेल्या जबड्याने नळीतून पेज ओढत होता. त्याने बिल वाचलं, भावाकडे पाहिलं आणि उठून दार लावून घेतलं.

थोरला बराच वेळ तिथेच उभा होता. वहिनी वरून बघत राहिली. तिने त्याला हाक मारली नाही.