अन्नाची शपथ

सासूला अंगणवाडीच्या दारात पाहिलं आणि निशिगंधा शेजारणीच्या आड सरकली. आता ही कशाला तडमडली इथं?

कुरुळीच्या अंगणवाडीत दर बुधवारी दुपारी सात-आठ बाया गोल करून बसायच्या, मनातलं बोलायच्या. गावची आशा सेविका दीक्षा आधी सगळ्यांना पोषण आहाराच्या तांदळावर हात ठेवायला लावायची: इथलं इथंच राहील, अन्नाची शपथ. एरवी यांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, पण ही शपथ मात्र पाळायच्या. त्याच भरवशावर गेल्या बुधवारी निशिगंधा बोलून गेली होती. तीन महिन्यांच्या पोरीला पाजताना मनात येतं, हिला विहिरीत टाकावं. मग स्वतःचीच भीती वाटते.

आणि आज सासू, मंजुळाबाई, नातीला खांद्यावर टाकून समोर हजर! एकीच्या तोंडून जरी शब्द सुटला, तरी झालंच. आपल्याला माहेरी धाडतील, पोरगी ठेवून घेतील. निशिगंधानं एकेकीकडे पाहिलं. कोपऱ्यातली एक नजर चुकवत होती. मेली, हीच फुटणार!

"मंजुळाकाकू, हात ठेवा तांदळावर," दीक्षा म्हणाली.

"म्या न्हाई शपथ घेत."

शपथ नाही, म्हणजे इथलं ऐकून ही घरी सांगणार!

"ही माझी सून दिसभर कडी लावून रडती," मंजुळाबाई म्हणाली. "पोरीला माझ्याकडं देती अन् लांब जाऊन बसती. रविराजला म्हनलं, बायकूला दवाखान्यात ने. तर म्हनतो, नाटकं हायती. आईचं ऐकतोय कोन? हिनं तुमाला काय सांगितलं आसंल तर मोडा ती शपथ! चला घरी, चारचौघी मिळून सांगा त्याला. कंपनीतली पहिली शिफ्ट सुटली, आला आसंल एवढ्यात."

सगळ्या निशिगंधाकडे बघत राहिल्या. सासूला तरी सगळं कुठं ठाऊक होतं? विहिरीचं ऐकून हीच नातीला घट्ट धरून मागं सरली तर?

"कुणी काही सांगायचं नाही," ती कशीबशी म्हणाली. "मीच सांगते. आधी आत्यांना."

आणि सासूकडे वळून सांगितलं. सगळं. विहिरीचंसुद्धा.

मंजुळाबाईचा चेहरा पांढरा पडला. मग पुढं आली, नातीला सुनेच्या मांडीवर ठेवलं आणि तिला खेटून बसली.

"धर," ती म्हणाली. "म्या हाय हितंच."