कोरिनाची सही

कोरिना माझी धाकटी जाऊ, तरी खरं तेच सांगते. ती हवामान परिषदेहून परतली तेव्हा सगळं गाव नदीवर धावलं आणि मी घरात आसुआ, म्हणजे कसाव्याच्या कंदांचं आंबवलेलं पेय, गाळत बसले. जंगल राखणाऱ्या बायकांच्या मंडळाला निधी थेट मिळावा, मधे दलाल नको, हे जगाला ठणकावून सांगायला आम्हीच तिला पाठवलं होतं. पण तिच्या आधीच लेओनिदास येऊन गेला होता. जंगलाच्या हवेचा सौदा करणाऱ्या कंपनीचा माणूस. त्याने फोटो दाखवला. कोरिना वाकून सही करतेय. परिषदेच्या तिसऱ्या दिवशी तिने म्हणे आमचं जंगल तीस वर्षांसाठी त्याच्या कंपनीला लिहून दिलं.

तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकत होती. बाहेरचं पाणी लागलं की भले भले बदलतात. दुसऱ्या दिवशी सभेत मी सगळ्यांना आसुआ वाढली, तिला सोडून. आमच्यात याहून मोठा अपमान नाही. ती बाजूला सरकून बसली, आणि त्याचाही मला संशयच आला.

लेओनिदास करार घेऊन आलाच होता. त्याने फोटो पुन्हा फिरवला. मी तो डोळ्यांजवळ धरला. तिचे हात स्वच्छ होते.

निघायच्या आदल्या दिवशी मीच तिचे हात विटुकच्या फळाच्या रसाने बोटांपर्यंत रंगवले होते. तो काळा रंग साबणाला दाद देत नाही, दहा-बारा दिवस कातडी सोडत नाही. शहरातल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार?

"हा फोटो परिषदेतला नाही," मी म्हणाले. "तिथे हिचे हात काळेकुट्ट होते."

लेओनिदास करार पिशवीत कोंबू लागला. कोरिनाने त्याच्या हातातून करार ओढला आणि थेट शेवटचं पान उघडलं.

"ही तर तुमच्या गेल्या वर्षीच्या कार्यशाळेतली यादी, फोटोही तिथलाच," ती म्हणाली. "मासे-भात हवा असेल त्यांनी सही करा, असं सांगितलं होतं तुम्ही. तीच कराराला टाचलीत?"

मला हायसं वाटलं. लाजही वाटली. मी वाडगा भरून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. पान माझ्यापुढे सरकवलं.

"मोठ्याने वाचा, जाऊबाई."

पहिलं नाव तिचं होतं. दुसरं माझं. त्या मासे-भातासाठी मीही सही केली होती. ते वाचताच सगळी सभा माझ्याकडे तशाच नजरेने पाहू लागली, जशी मी कालपासून तिच्याकडे पाहत होते.