न दुखणारी सुई

शेवगावच्या अलीकडं मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. खाटा चार, डॉक्टर एक, औषधं बेताचीच. पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते तिथल्या सुईसाठी. दुसरीकडं सुई घेतलेला माणूस दोन दिवस लंगडायचा. इथं सुई टोचून काढली तरी म्हाताऱ्या झुंबरबाई विचारायच्या, "टोचनार कवा?"

तर अशा या नामी दवाखान्यातली तीन माणसं बहात्तरच्या हिवाळ्यात पाठोपाठ काविळीनं पडली. आधी नर्स मरिया, मग मलमपट्टी करणारा ड्रेसर फिलिप आणि डिसेंबर लागता लागता खुद्द कंपाउंडर याकोब. मरियेचं दुखणं तर एवढं वाढलं की तिला नगरला हलवावं लागलं. उरले डॉक्टर काळोखे आणि आया दया. साल दुष्काळाचं, विहिरी कोरड्या, पाणी टँकरचं. कावीळ पाण्यातून येते हे शेंबडं पोरही सांगेल. आणि दवाखान्यात पाणी भरायचं, उकळायचं काम कुणाचं? दयेचं. झालं! खापर फोडायला गरिबाचं डोकं नेहमीच जवळ असतं.

"दयाबाई, सरपण वाचवायला तुम्ही पाणी उकळत नव्हता," डॉक्टर म्हणाले. "नाताळानंतर कामावर येऊ नका. मागची खोलीपण रिकामी करा."

"देवाशपथ, उकळत हुते, डॉक्टर."

"मग तिघांना कावीळ झाली कशी?"

बिचारी दया! नवरा जाऊन सात वर्षं झालेली, माहेरी कुणी नाही, दवाखान्यामागची ती खोली म्हणजेच तिचं घर. दुसरी कुणी असती तर पदर डोळ्यांना लावून बसली असती. पण दयेला चौकशीची भारी खोड. कुणाच्या चुलीवर काय शिजलं, कुणाची सून का रुसली, हे विचारल्याबिगर तिच्या घशाखाली घास उतरत नसे. याकोब तर तिला फौजदारीणच म्हणायचा. डॉक्टरांचा सवाल तिच्या डोक्यात असा शिरला की ती रडायचंच विसरली. कशी झाली खरंच? पाणी वाईट असतं तर मी कशी उभी? रांजण एकच, आणि त्यातलं सगळ्यांत जास्त पाणी तर मीच पिते!

ती थेट फिलिपच्या घरी गेली. फिलिप ओसरीवर बसलेला, गळ्यात काविळीची माळ. बायकोनं, रतनबाईनं, कुठल्याशा वैदूकडून आणलेली. माळ लांबत जाईल तशी कावीळ उतरते म्हणे. दवाखान्यात नोकरी करणाऱ्याच्या गळ्यात ती बघून दयेला हसू आलं, पण हसायची ही वेळ नव्हती.

"फिलिपदादा, तुमी तिघांनी मिळून कुटं काय खाल्लं का?"

"आमी तिघं? अगं, मरियेला मासळी चालत न्हाई, याकोबला वांगं दिसलं की वाकडं तोंड. माझा डबा घरचा. आमची पंगत जमायची कुटं?"

"मंग एकत्र काय करता तुमी?"

फिलिपनं डोकं खाजवलं. "आयतवारी प्रार्थनेला गातो आन् शनवारी सुया घासतो."

"गाऊन कावीळ व्हती व्हय?"

"तुझ्या गळ्यानं व्हईल एखाद्याला," फिलिप म्हणाला, आणि रतनबाई पदरात तोंड घालून हसली. दया मात्र तशीच विचार करत घरी आली.

शनिवार उजाडला. डॉक्टर मरियेला बघायला नगरला निघाले. जाताना म्हणाले, "सुया घासून, उकळून ठेवा. आता दुसरं आहे कोण?"

सुया घासायचं काम दयेनं शंभरदा बघितलं होतं, केलं कधीच नव्हतं. आठवडाभर वापरलेल्या सुया धुऊन ताटलीत ठेवायच्या. बारीक दगडावर पाणी सोडायचं, सुईचं तोंड तिरकं धरून हलक्या हातानं फिरवायचं. मग खरी कसोटी. सुईचं टोक डाव्या अंगठ्यावरून ओढायचं. कुठं अडकलं, खरचटलं, तर टोकाला काटा आहे असं समजायचं आणि पुन्हा घासायचं. अंगठ्याला लागलं नाही म्हणजे पेशंटला लागणार नाही! इथली सुई दुखत नव्हती ती अशी. आपल्या अंगठ्यावर सोसून तिघांनी ते नाव कमावलं होतं.

दया ओट्यावर दगड घेऊन बसली. पहिली लांब सुई घेतली. आदल्या दिवशी याकोबला ग्लुकोज दिलेली. दगडावर फिरवली तर पोकळीतून तपकिरी गाळ उतरला. वाळलेलं रक्त. तिनं तो पुसला आणि टोक अंगठ्यावरून ओढलं. ते अडकलं, हिसका बसला आणि खचकन आत शिरलं.

"आई गं!" अंगठा आपसूक तोंडात गेला.

आणि तोंडात रक्ताची चव असतानाच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं अंगठा बाहेर काढून बघितला. मग दगड बघितला. मरियेचा अंगठा, फिलिपचा अंगठा, याकोबचा अंगठा. तिघांचं एकत्र जेवण हेच तर होतं! सापडलं या आनंदात ती अर्धीअधिक उठलीसुद्धा. मग कुणाच्या सुईनं आपल्याला टोचलं ते ध्यानात आलं आणि ती पुन्हा खाली बसली.

जरा वेळानं अंगठ्याला चिंधी गुंडाळून तिनं याकोबचं घर गाठलं. याकोब खाटेवर पडलेला, डोळे हळदीसारखे.

"दादा, सुया पयल्यापास्नं अशाच घासता? वापरलेल्या, बिन उकळलेल्या?"

"छ्या! आदी उकळायच्या, मंग घासायच्या, मंग परत उकळायच्या. पन जूनपास्नं रॉकेल मिळंना. डॉक्टर म्हनले, शेवटी एकदाच उकळा, बास झालं. पेशंटला काय, उकळलेलीच जाती." त्याची नजर चिंधीवर गेली. "अंगठ्याला काय झालं गं?"

"इळी लागली," ती म्हणाली आणि हात पदराखाली घेतला. उभ्या जन्मात ती इतक्या सफाईनं खोटं बोलली नव्हती.

डॉक्टर दिवेलागणीला परतले. धुळीनं माखलेले, चेहरा उतरलेला. दयेनं त्यांना बसूही दिलं नाही. जून, रॉकेल, दगड, अंगठा, सगळं एका दमात सांगितलं. "आन् डॉक्टर, जुलैत दुष्काळी कामाच्या खडी केंद्रावरचा सहादेव आल्ता बघा. पिवळाजर्द. आठ दिस सुया दिल्या त्याला."

आधी डॉक्टर खवळले. आया आपल्याला डॉक्टरकी शिकवते म्हटल्यावर कोण नाही खवळणार! पण नोंदवही त्यांनी काढलीच. जुलैचं पान उलटलं, सहादेवच्या नावावर बोट ठेवलं आणि बोटांवर महिने मोजले. मग खुर्ची ओढून बसले.

"रक्तातून जाणारी एक कावीळ असते," ते हळूच म्हणाले. "दोन महिन्यांनी उगवते, नाहीतर सहा महिन्यांनी. पाण्याची असती तर गावभर झाली असती. मी शिकलोय हे सगळं, दयाबाई. तरी आळ तुमच्यावर घातला." मग त्यांनी विचारलं, "पण अंगठ्याचं तुम्हाला सुचलं कसं?"

दयेनं चिंधी सोडली.

"कोणती सुई होती?"

"याकोबदादाची."

डॉक्टर उठले ते तिचा हात धरूनच मोरीवर गेले. साबण लावून अंगठा धुतला, पुन्हा धुतला, आयोडिन लावलं. ती झोंबतंय म्हणून ओरडली तरी हात सोडला नाही. मग एक कोरी वही काढून तिच्यावर लिहिलं, 'टोचल्याची वही'. "यापुढं कुणालाही टोचलं की आधी साबण, लगेच इथं नोंद. लपवायचं नाही. आणि अंगठा बंद. टोक कापसावर ओढून बघायचं, काटा असला तर तंतू अडकेल."

पहिल्या ओळीत दयेचं नाव आलं. तारीख, डावा अंगठा, लांब सुई. पुढं कारण लिहिताना लेखणी अडखळली आणि डॉक्टरांनी लिहिलं, 'निष्काळजीपणा'.

दया सातवी शिकलेली होती. "खोडा ते," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं आणि खोडलं. लिहिलं, 'सुया घासण्याआधी उकळल्या नव्हत्या. हुकूम माझा.' खाली सही केली. "तुमचं काम जाणार नाही, दयाबाई. खोलीही नाही. उद्या प्रार्थनेनंतर मी सगळ्यांसमोर सांगेन."

इतके दिवस ज्या शब्दांसाठी ती झुरत होती ते हे शब्द. पण आता तिचं तिकडं लक्षच नव्हतं.

"मला कावीळ व्हायची आसंल तर कवा कळंल?"

"होईलच असं नाही."

"पन कवा?"

"जूनपर्यंत वाट बघायची."

तिनं मान हलवली. दिव्याची वात वर केली, स्टोव्ह पेटवला, सुया पाण्यात सोडल्या. डॉक्टर अजून तिथंच उभे होते. नगरहून आल्यापासून मरियेबद्दल ते एक शब्द बोलले नव्हते. गावच्या कुत्र्यामांजराचीही खबर विचारणारी दया त्यांच्याकडं पाठ करून पाणी उकळायची वाट बघत राहिली. मरिया कशी आहे हे विचारायची तिची छाती झाली नाही.