मी तुटले म्हणून

मी एक जुनी रस्सी आहे, आणि उरवड्याजवळच्या आमच्या वाडीत माझ्याइतकी मानाची दुसरी नाही. हसू नका, मित्रांनो. मला कुणी बाजारातून आणलेलं नाही. घराघरानं मूठमूठ अंबाडीचा वाख दिला आणि वाडीतल्या म्हाताऱ्या धोंडाबाईच्या सासऱ्यानं मला देवळापुढं वळलं.

दर जत्रेला वरची आळी नि खालची आळी मला ओढायची. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, मधे लाल चिंधी. त्या दिवशी मला हळदकुंकू. एरवी चिखलात रुतलेले ट्रॅक्टर ओढायचे, आणि काम झालं की ओलीच भिरकावलेली. माझा वाख कुजत गेला. कोण बघतंय?

यंदा खालच्या आळीच्या टोकाला शब्बीर होता. शेवटच्या गड्यानं मला कमरेला गुंडाळायचं, ही इथली खोड. शिट्टी झाली. वरची आळी हरायला लागली, तशी त्यांची माणसं मदतीला घुसली. मग भाडेकरू घुसले, पाहुणे घुसले.

हिंजवडीत नोकरीला असलेली उत्कर्षा आपल्या आजीला, धोंडाबाईला म्हणाली, "आता हे फ्री-फॉर-ऑल झालं."

धोंडाबाईनं विचारलं, ते काय असतं? नातीनं सांगितलं, जिथं गट नाही, नियम नाही, पंचाला कुणी जुमानत नाही आणि दिसेल तो घुसतो, तिथं असं म्हणतात. भांडणालाही म्हणतात, टीव्हीवरच्या चर्चेलाही. पण चहा पिताना बोलायचा शब्द, साहेबाला द्यायच्या अर्जात लिहायचा नाही.

"मंग दंगा म्हन की सरळ," धोंडाबाई म्हणाली.

तेवढ्यात खालच्या आळीच्या लोकांनी शब्बीरमागं लोंबणारं माझं टोक धरलं. त्यांना वाटलं, मदत करतोय. दोन्हीकडून ओढ बसली आणि मी त्याच्या कमरेला आवळत गेले. त्याला ओरडायलाही श्वास उरला नाही. मी काय करणार? कुजलेल्या जागी तटकन तुटले.

सगळे उताणे पडले. उठले ते मलाच शिव्या देत, सडकी म्हणत.

शब्बीर कंबर दाबत बसला होता. म्हणाला, "सडकी व्हती म्हनून मी जित्ता हाय."

मग धोंडाबाईनं नवा वाख आणला आणि पिळात पीळ घालून मला सांधलं. मित्रांनो, मला वाळवून टांगत जा, एवढं मागायचा मला हक्क आहे. पण आता मी पक्की झालेय, पुन्हा तुटायची नाही. तेव्हा ओढायला धावण्याआधी, मधे कोण गुंडाळलंय ते बघत चला.