गाडीत बसवलेली पनवती

हार्लन डाइकस्ट्रा हा माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्या सीडर बेंडच्या डेअरीत चीज करण्यात त्याने उभा जन्म काढला. दूध काही शनिवार-रविवार बघून नासत नाही, त्यामुळे ऑटर्स गावात खेळत असले की तो धावतपळत जाऊन दोन-चार डाव बघून यायचा, आणि बाहेरगावी खेळत असले की टाकीशेजारी रेडिओ लावून ऐकायचा. ऑटर्स हा आमचा बेसबॉलचा संघ. मोठ्या शहरांतल्या संघांपुढे अगदीच खालच्या पायरीवरचा. वर चढू बघणारी पोरं आणि वरून घसरलेले बाप्ये यांचा मिळून झालेला. पण आयोवात आमच्या बाजूला दुसरं आहे तरी काय? मका आहे आणि ऑटर्स आहेत.

गेल्या हिवाळ्यात हार्लन निवृत्त झाला. डेअरीत केक कापताना त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर तो एवढंच म्हणाला की एप्रिलमध्ये ऑटर्स नॉर्थ फोर्कला खेळायला जातील, तेव्हा मी तिथे असेन. लोक हसले. एप्रिलमध्ये मिनेसोटात उघड्यावर बसायला कोणी आपण होऊन जात नाही.

हंगामाची सुरुवात काही धड झाली नव्हती. घरच्या मैदानावरचे सगळे सामने ऑटर्स हरले होते, आणि तेही हार्लनच्या डोळ्यांदेखत. तरी शुक्रवारी पहाटे त्याने गाडी काढली. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन सामने होते. माझी बहीण जोलीन बरोबर आली, कारण नॉर्थ फोर्कला गोधड्यांच्या कापडाचं एक नावाजलेलं दुकान आहे. बेसबॉल म्हणजे बाप्यांनी उभं राहून थुंकायचा खेळ, असं तिचं मत. मी गेलो तो आळीपाळीने गाडी चालवायला.

मैदानावर आमच्या गावची जेमतेम पंधरा माणसं होती, आणि त्यांची म्होरकी लव्हर्न प्रुइट. ही बाई गावच्या पोस्टात होती. कोणाला कुठून पत्र येतं हे सगळं तिला ठाऊक, त्यामुळे तिच्याशी वाद घालायला सहसा कोणी जात नसे. हातात गाईच्या गळ्यातली घंटा, मांडीवर घोंगडी आणि नजर मैदानावर. तिने हार्लनला आपल्या शेजारी बसवलं. इतक्या लांब आलेला माणूस म्हणून कौतुकच केलं.

शुक्रवारी चौथ्या डावापर्यंत ऑटर्स सहा धावांनी मागे पडले. गारठ्याने हार्लनला लघवीला जावं लागलं. तो गेला आणि इकडे आमच्या पोरांनी चार धावा काढल्या. आरडाओरडा ऐकून तो पँट सावरत धावत आला, बसला, आणि पुढचा फलंदाज तीन चेंडूंत बाद. सातव्या डावात तो सॉसेज आणायला गेला. परत आला तेव्हा आणखी तीन धावा होऊन ऑटर्स पुढे गेले होते. मग तो हातात सॉसेज घेऊन शेवटपर्यंत बसला आणि ऑटर्स हरले.

 त्या रात्री मोटेलात जेवताना लव्हर्न हार्लनकडे बघत एकच घास बराच वेळ चावत होती.

शनिवारी तिने तपासूनच पाहिलं. पहिल्या डावात हार्लन जागेवर, ऑटर्स शून्य. दुसऱ्या डावात तिने त्याला कॉफी आणायला पाठवलं, दोन धावा. तिसऱ्या डावात तो जागेवर, शून्य. चौथ्यात तिला शेंगदाणे हवेसे झाले, एक धाव. पाचव्यात तिला पुन्हा शेंगदाणे हवेसे झाले, तेव्हा हार्लन म्हणाला की पहिलेच अजून तुझ्या मांडीवर आहेत. तेव्हा लव्हर्नने घंटा खाली ठेवली आणि अगदी हळू आवाजात, एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगावी तसं सांगितलं, "हार्लन, तू भला माणूस आहेस. पण तू पनवती आहेस."

हार्लनने आधी माझ्याकडे पाहिलं. मी मैदानाकडे पाहिलं. मग त्याने बायकोकडे पाहिलं.

आता जोलीनचं काय झालं होतं ते सांगायला हवं. शुक्रवारी ती विणकाम घेऊन बसली होती. पण त्या चार धावा झाल्या तेव्हा आमचा एक काटकुळा पोरगा, रामोन नावाचा, दूर व्हेनेझुएलाहून आलेला, पोटावर घसरत मैदानातल्या चार टप्प्यांपैकी शेवटच्या, घर म्हणतात त्या बेसवर पोचला आणि उठून तोंडातली माती थुंकून हसला. त्या क्षणापासून माझ्या बहिणीचं विणकाम पुढे सरकलं नाही. शनिवारी ती कापडाच्या दुकानात जायचं विसरली. चेंडू कुठे पडला, का पडला, हे ती लव्हर्नला कोपराने ढोसून विचारत होती. चाळीस वर्षं जी बाई रेडिओ बंद कर म्हणून ओरडत आली, ती आता म्हणाली, "हार्लन, तू गाडीत बसतोस का जरा? हीटर लावून बस. गारठ्याने तुझे गुडघे दुखतातच."

"गुडघे ठीक आहेत माझे," हार्लन म्हणाला.

"रामोनची पाळी आहे रे आता," जोलीन म्हणाली.

हार्लन उठला. मला वाटलं, रागावला. पण तो आपल्या अंगावरच्या घोंगडीची नीट घडी करून बायकोच्या मांडीवर ठेवून गेला. मी मागोमाग गेलो, तेव्हा म्हणाला की त्यांनी काढलेल्या धावा खऱ्या आहेत ना, मग मी कुठे बसलो त्याला काय महत्त्व. तोंडाने असं म्हणाला, पण गाडीचं दार जरा जोरातच आपटलं. रेडिओवर सामना लावला तर तिथेच ऑटर्सने एक धाव दिली. त्याने आपल्याच हाताने रेडिओ बंद केला. म्हणजे आता त्यालाही पटलं होतं. त्या दिवशी ऑटर्स जिंकले. हंगामातला पहिला विजय, आणि हार्लन पार्किंगमध्ये.

मोटेलात सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, जणू त्यानेच सामना जिंकून दिला होता. त्याने कसंनुसं हसून घेतलं.

रविवारी चर्च उरकून आम्ही मैदानावर आलो, तेव्हा हार्लनने कोणी सांगायच्या आत गाडीतली आपली जागा घेतली. मी अधूनमधून जाऊन त्याला बघत होतो. तो सांगायला लागला की इथूनही सामना कळतो. लोक ओरडले की त्यांची धाव, एकदम शांत झाले की आपली. "आत्ता कशी छान शांतता पसरली होती बघ," असं तो मला म्हणाला, आणि खरंच रामोनने धाव काढली होती.

सहाव्या डावात मी गेलो तर गाडीत हार्लनशेजारी एक बाई बसलेली. सत्तरीची असेल, डोक्यावर लोकरीची टोपी, त्यावर नॉर्थ फोर्कच्या संघाचा पाइक मासा. तिचं नाव सिग्रिड हॉगन. टर्की पक्षी पाळणाऱ्या घरातली, चार मुलगे. ती शेजारच्या गाडीत एकटी बसली होती, आणि दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ चोरून बघितल्यावर तिने काचेवर टकटक करून विचारलं होतं की तुमची काही तब्येत बरी नाही का. हार्लनने लाजत लाजत खरं काय ते सांगितलं. तर ती म्हणाली, "मलाही हाकललंय. माझ्या पोटच्या पोरांनी. थोरल्याच्या वेळी दोन दिवस कळा दिल्या मी, आणि तो मला म्हणतो, आई, तू बघतेस तेव्हा आपण हरतो."

तिच्या थर्मासात कॉफी होती आणि डब्यात सफरचंद भरून भाजलेला ॲपल पाय. दोघं खात बसली होती. हार्लन तिला चीज कसं मुरतं ते सांगत होता आणि ती टर्की किती मूर्ख असतात ते. मला वाटलं, इथे सगळं ठीक आहे. मी परत गेलो.

नऊ डाव संपले तेव्हा दोन्ही संघांच्या धावा सारख्या होत्या. बरोबरीत सामना सोडत नाहीत, म्हणून दहावा डाव झाला. दोघांच्याही शून्य धावा. अकरावा, शून्य. बारावा, शून्य. वारा सुटला, बर्फाचे बारीक कण उडायला लागले. तेराव्यात आमचा माणूस तिसऱ्या बेसपर्यंत पोचून तिथेच राहिला, त्यांचाही तसाच. लव्हर्नच्या हातातली घंटा गारठ्याने वाजेनाशी झाली. लोक उठून जायला लागले, पण ज्यांना जायचं नव्हतं ते कडवे होते.

आणि तेव्हा मी एक चूक केली. सहज म्हणून लव्हर्नला सांगितलं की बाहेर त्यांचीही एक पनवती बसली आहे.

लव्हर्न ताडकन उठली. म्हणाली, तरीच. दोन्ही बाहेर बसल्यावर सामना संपणार कसा? तिने मला घेऊन सरळ सिग्रिडच्या मुलांकडे मोर्चा वळवला. चारही धिप्पाड, लाल गालांचे. मिनेसोटाची माणसं, त्यामुळे बोलणं फार सभ्यपणे झालं. लव्हर्न म्हणाली, तुमच्या आईला बिचारीला थंडी वाजत असेल, तिला आत आणा. थोरला म्हणाला, आपल्या आस्थेबद्दल आभार, पण तुमचे गृहस्थ वयाने मोठे दिसतात, आधी त्यांनाच आणलेलं बरं. लव्हर्न म्हणाली, तो आयोवाचा आहे, त्याला काही होत नाही. असं बराच वेळ चाललं. शेवटी ठरलं की दोघांनाही एकदम आत आणायचं, म्हणजे कोणाचंच जास्त नुकसान नाही आणि एकदाचा काय तो निकाल लागेल.

आम्ही सातआठ जण गाडीपाशी गेलो, जोलीनही आली. हार्लनने काच खाली केली. लव्हर्नने निर्णय सांगितला. हार्लनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाही."

लव्हर्नला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"मी येणार नाही," हार्लन म्हणाला. "काल जा म्हणालात, गेलो. आज ये म्हणता. मी काय घंटा आहे, हवी तेव्हा वाजवायला?"

सिग्रिडनेही डब्याचं झाकण लावलं आणि मुलांकडे न बघता म्हणाली, "मीसुद्धा नाही येत."

मग जोलीन पुढे झाली. नाक लाल झालेलं, टोपीवर बर्फ. मला वाटलं, आता ही रामोनचं नाव काढणार. पण तिने टोपीवरचा बर्फ झटकला. मग म्हणाली, "हार्लन, तीन दिवस मी बघते आहे आणि मला एकटीलाच बघावं लागतंय. तो मधल्या जागेवरचा माणूस सारखा कानाला का हात लावतो, ते मला लव्हर्न धड सांगत नाही. तू चल. हरले तर हरले."

"हरले तर?" लव्हर्नने घाबरून विचारलं.

"हरले तर हरले," माझी बहीण म्हणाली.

हार्लन उतरला. दार मात्र या वेळी त्याने हळू लावलं. दुसऱ्या बाजूने सिग्रिड उतरली. आत आता जागाच जागा होती. ती दोघं आणि जोलीन थेट फलंदाजाच्या मागे, सगळ्यात चांगल्या जागांवर जाऊन बसली. आमची माणसं एका बाजूला आणि त्यांची दुसऱ्या बाजूला, देवाचं नाव घेत. मी जोलीनच्या मागच्या रांगेत बसलो, कारण सिग्रिडच्या डब्यात ॲपल पाय शिल्लक होता.

चौदाव्या डावात रामोनने चेंडू कसाबसा टोलवला. तो अगदी केविलवाणा घरंगळत गेला. पण त्यांचा माणूस ओल्या गवतावरून घसरला, उठून त्याने घाईत फेकला तो थेट प्रेक्षकांत, आणि दुसऱ्या बेसवरचा आमचा भोपळ्यासारखा जाडा खेळाडू धापा टाकत घरी पोचला. एक धाव. सिग्रिडच्या थोरल्याने टोपी काढून तोंड झाकून घेतलं.

मग त्यांची पाळी. दोन बाद, तिसरा बाद झाला की सामना संपला, आणि तिन्ही बेसवर माणसं. चेंडू सरळ वर आभाळात गेला, बर्फात दिसेनासा झाला. आमचे तिघं त्याच्याखाली धावले, तिघंही "माझा, माझा" म्हणत एकमेकांवर आदळले आणि पडले.  त्या ढिगातून एक हात वर आला, त्यात चेंडू होता. हात रामोनचा होता.

हार्लन उभा राहिला नाही, ओरडला नाही. नुसता बघत बसला. डोळ्यांतलं पाणी वाऱ्याचं असावं, असं मी धरून चाललो. सिग्रिड म्हणाली की आता ईस्टरच्या जेवणात मला हेच ऐकवतील. मग तिने हार्लनचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि डब्यातला शेवटचा तुकडा त्याला दिला, मला नाही.

लव्हर्न तोपर्यंत विचार करून तयार होती. तिने काही आपली चूक कबूल केली नाही. म्हणाली, पनवती आहेच, पण ती ज्या बाजूला बसते त्या बाजूला लागते. इथे तो त्यांच्या बाईशेजारी बसला, म्हणून ते हरले. तेव्हा यापुढे बाहेरगावी हार्लनने कायम समोरच्यांच्या बाजूला बसायचं. सगळ्यांना पटलं.

परतीच्या वाटेवर मी गाडी चालवत होतो. मागच्या बाजूला जोलीन विचारत होती आणि हार्लन सांगत होता: कानाला हात म्हणजे खूण, टोपीला हात म्हणजे दुसरी खूण, आणि नाकाला हात म्हणजे बहुतेक नाकच खाजतंय. मध्येच तिने विचारलं की पुढचा बाहेरगावचा सामना कधी आहे. मग विचारलं की लव्हर्न म्हणते तसं तू खरंच त्या लोकांत बसणार का.



"कुठेही बसेन," तो म्हणाला. "पण नववा डाव संपेपर्यंत मला आता कोणी उठवायचं नाही. लघवीलासुद्धा मी माझ्या मर्जीने जाईन."